साळ्याचं समुपदेशन

कुरखेडा, ३ मे २०२४

चि. कुलदीप यास चंदाबाईचे अनेक आशीर्वाद, त्यातला एक तुझ्या नव्या बोर्डालाही.

बोर्डाचा फोटो तुझी भाची दिव्या हिने दाखवला. जीवन मार्गदर्शक व व्यसनमुक्ती समुपदेशक. दहावीला दोनदा बसलेला माझा भाऊ आता मूल गावात बसून लोकांना जगायचं कसं ते शिकवतो, हे वाचून मी मोहल्ल्यात गूळ-शेंगदाणे वाटले.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर बोलते तेव्हा तुझे भाऊजी शेजारीच बसून ऐकतात, आणि बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच. मोहफुलं वेचायचे दिवस आले तेव्हापासून यांचं पिणं फार वाढलं. आधी सांजेला घ्यायचे, आता न्याहारीच्या आधी घेतात. पाय सुजतात. डॉक्टर म्हणाले, लिव्हर खराब होत चाललं आहे, आताच सोडली तर सुधारेल. मी ठरवलं आहे, धानाच्या रोवणीपर्यंत थांबते. नाही सुटली तर दिव्याला घेऊन तुझ्याकडे येते, कायमची. जगाला शहाणं करतोस, एकदा घरचंही बघ.

लोभ आहेच, उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझी थोरली बहीण, चंदाबाई

मूल, २१ मे २०२४

ती. चंदाबाईस साष्टांग नमस्कार, दिव्याला गोड पापा.

तुझ्याकडून परवा परतलो. त्या दिवशी तू आत वडे तळत होतीस, म्हणून ओसरीवर काय झालं ते कळवतो. प्रशिक्षणात शिकवलं होतं की समुपदेशकाने समोरच्याच्या बरोबरीने बसावं, नजरेला नजर द्यावी. पण साळ्याने जावयासमोर कसं बसावं, हे शिकवणाऱ्या नागपूरच्या मॅडमना ठाऊक नव्हतं. आधी मी भाऊजींच्या पाया पडलो. उठेपर्यंत माझा अर्धा अधिकार जमिनीवरच राहिला. मग शिकवल्याप्रमाणे पहिला प्रश्न विचारला की सध्या आपल्याला काय वाटतं, तर भाऊजींनी विचारलं, साळेबुवा, तुही परतीची बस किती वाजता हाय.

शेवटी मी माझी हुकमी पद्धत काढली, म्हणजे खिशातला खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटत बसलं की आपल्याकडचा माणूस आपोआप मोकळा होतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, हा माझा स्वतःचा शोध आहे. अर्धा त्यांना दिला, अर्धा मी घेतला. तासभर बोलले गं. त्यांचा धाकटा भाऊ बिरजू गेला त्याचं बोलले, रडलेसुद्धा. दुःख हे मूळ कारण, असं मी टिपून घेतलं. काळजी सोड, गाडी रुळावर आली समज.

माया असू दे, फीचं विचारू नकोस.

तुझा कुलदीप

कुरखेडा, १२ जून २०२४

चि. कुलदीप यास आशीर्वाद, पण या वेळी हात आखडून.

तुझ्या मार्गदर्शनाचा निकाल कळवते. दारू सुटली नाही, वर खर्रा लागला. आधी एकच व्यसन होतं, तू जोडी लावून दिलीस. पंधरा दिवसांत ओसरीची भिंत लाल झाली. अरे शहाण्या, बिरजू खर्र्यानेच गेला आणि तू त्याच्याच भावाच्या हातावर खर्रा ठेवलास. खूप राग आला होता, म्हणून पत्राला उशीर केला.

आता हसू नकोस, नीट वाच. गेल्या आठवड्यात यांनी मला बाजूला बसवून विचारलं की जेवताना कुलदीप वडा चार तुकडे करून ओठांतून सरकवून राह्यला होता, तुले दिसलं काय. मला नव्हतं दिसलं, मी वाढण्यात होते. हे पिऊन बसले होते, तरी यांना दिसलं. बिरजूचं असंच सुरू झालं होतं म्हणाले. आधी तोंड उघडेना, मग गालात पांढरा चट्टा, मग नळीने पेज. त्याच दिवशी यांनी खर्र्याची पन्नी चुलीत टाकली. दारूचं काही बोलत नाहीत, पण रोज विचारतात, साळ्यानं डॉक्टरले दाखवलं काय.

दाखव रे बाबा. आखडलेले आशीर्वादही सारे घे.

चंदाबाई

मूल, २८ जून २०२४

ती. बाईस नमस्कार.

दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आ करा. मी केला. ते म्हणाले, करा की. मी म्हटलं, केला. दोन बोटंच आत जातात. मग व्यवसाय विचारला, मी सांगितला, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नर्सकडे बघितलं. बोलण्यावर पोट असलेल्या माणसाचं तोंडच मिटत चाललं आहे, याला काय म्हणावं.

गालात चट्टा आहे. तुकडा काढून तपासणीला पाठवलाय, रिपोर्ट बारा जुलैला मिळेल. खर्रा सोडला म्हणावं तर काल राइस मिलच्या मागे लपून खाल्लाच. माझ्याच हातून दारू सुटलेला एक पेशंट तिथं उभा होता. त्यानेच मोठ्या आदराने पन्नी पुढे केली, सर घ्या म्हणाला.

बाई, मला भीती वाटते. भीतीला सामोरे जा, असं रोज लोकांना सांगतो आणि मला एकट्याने रिपोर्ट आणायला जायची हिंमत नाही. भाऊजींना यातलं काही सांगू नकोस.

तुझाच, कुलदीप

कुरखेडा, ६ जुलै २०२४

साळेबुवा कुलदीपले वारलूचा रामराम.

पत्रात वर काय लिवते ते तुह्या बहिणीले विचारलं. तिनं सांगितलं ते लंबं होतं, सोडून देल्लं. तुहं पत्र मीच आधी वाचलं. चंदा रोवणीले गेली होती, पोस्टमन माह्या हातात देऊन गेला.

बारा तारखेले तू एकटा जाऊ नको, मी येऊन राह्यलो. पिलेल्या माणसाले डॉक्टर आत घेत नाई, आन् मले तुह्यासंगं आत याचं हाय. म्हणून सोमवारपासून घेतली नाई. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. दारू सुटली असं मी म्हणत नाई. रिपोर्ट हाती येईपर्यंत घेत नाई, पुढचं पुढं पाहू. चंदानं तुह्याकडं मुलले याले बॅग भरून ठेवली होती. तिचे कपडे काढून तिनंच त्यात माहे घातले.

मले काई शिकवू नको, मी पण शिकवत नाई. दोघं बाकड्यावर बसू.

अक्षर वाकडं हाय, पिऊन लिवलं असं समजू नको. पिलो नाई म्हणून हात कापते.

तुहा भाऊजी, वारलू