स्वेन्सकसुंडची लढाई, मुक्काम अर्विंग

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स

प्रिय श्रीराम,

आपण भेटलेलो नाही. मी शंतनू, देवांगचा जुना मित्र. तू त्याच्या मुलीच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतोय.

अर्विंगला तुम्ही दोघं दर रविवारी जी लढाई खेळता, ती आम्ही इथे माझ्या बेसमेंटमध्ये उभी केली होती. सतराशे नव्वद साल, फिनलंडचा किनारा, बेटांच्या आडोशाला स्वीडनची वल्ह्यांची जहाजं आणि समोरून चालून येणारे रशियन. प्लायवूडची बेटं मी कापली, बोटभर जहाजांना शिडं देवांगने चिकटवली. तो कायम रशियन, मी स्वीडन. बायका वरून जेवायला हाका मारून थकायच्या. मुलीजवळ राहायला तो तिकडे टेक्सासला, अर्विंगला निघाला तेव्हा सगळा पट मीच पॅक करून दिला. त्याच्याशिवाय मी खेळणार तरी कुणाशी?

मग त्याने फोटो पाठवला. स्वीडनच्या बाजूला तू, आणि राजाचं जहाज तुझ्या हातात. खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढे फोनवर सतत तुझंच कौतुक. श्रीरामने उथळ पाण्यात तोफा कशा लावल्या, श्रीरामने दक्षिणेची वाट कशी अडवली. अरे, ती वाट अडवायची युक्ती माझी! मी मीटिंग आहे सांगून फोन ठेवायचो. रिटायर माणसाला कसली मीटिंग, हे त्याने एकदाही विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी जळण्यात गुंतलो होतो. नंतर त्याचे फोनच थांबले. तेही तुझ्यामुळेच, असं मी धरून चाललो.

परवा रेणूवहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलं होतं त्यांनी. पण आता त्यांना माणसं नीट ओळखू येत नाहीत. श्रीरामला ते शंतनू म्हणतात, आणि तो बिचारा ओ देतो."

आधी रागच आला. माझी जागा घेतलीस, आता नावही घेतलंस. मग गॅरेजमधली प्रवासाची बॅग खाली काढली.

शनिवारी मी येतोय. रविवारचा खेळ नेहमीसारखा होऊ दे. त्याच्यासमोर तूच शंतनू राहा, ऐन लढाईत त्याचा गोंधळ नको. माझी ओळख श्रीराम म्हणून करून दे. नवीन आहे, खेळ शिकायला आलाय, असं सांग. शिकवायला त्याला पहिल्यापासून आवडतं.

तुझ्यावर अजून थोडा जळणारा, तरी तुझाच,
शंतनूकाका