काचवाल्याची गोळी

४ मार्च
दवाखान्यातून घरी. बोलता येतंय, चालता येतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूचा झटका होता, थोडक्यात निभावलं. पुढचा झटका सांगून येणार नाही." म्हणून रोज अॅस्पिरिन, कायमची – रक्तात गुठळी होऊ नये यासाठी. विचारलं, बोट कापलं तर? "रक्त जरा उशिरा थांबेल." जरा! दिवसभर काचा कापून फ्रेमा करणाऱ्या माणसाला हे सांगतात!

११ मार्च
पोटात नुसती आग. पुन्हा डॉक्टरीणबाई. पोटात पूर्वी जखम होती हे मी सांगितलंच नव्हतं – विचारलं कुठं त्यांनी? "विचारलं होतं," बायको म्हणाली. गोळी बदलली. नवीचं नाव क्लोपिडोग्रेल. आता बायको रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते आणि आधी नाव म्हणायला लावते. नीट म्हटलं म्हणजे जीभ ताळ्यावर आहे, असा हिचा हिशेब. मगच गोळी. शाळेत एवढं पाठांतर केलं नव्हतं.

१९ मार्च
पुन्हा बोट कापलं. हल्ली रोजचंच झालंय. गिऱ्हाईक बाईंनी आरसा उचलला आणि हळूच म्हणाल्या, "काका, मागे रक्त लागलंय, पुसून देता?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ मार्च
ठरवलं. शाळेची मोठी ऑर्डर हातावेगळी होईपर्यंत गोळी बंद. हिच्यासमोर तोंडात टाकायची, गालात धरायची, मोरीत थुंकायची. नाव मात्र खणखणीत म्हणतो.

३० मार्च
पकडला गेलो. अंगठ्यात काच घुसली. ही धावत आली, फडकं दाबून धरलं. थोड्या वेळानं उचलून पाहते तो रक्त थांबलेलं. ही माझ्याकडे बघतच राहिली. "एवढ्यात कसं थांबलं? गोळी घेत नाही ना तुम्ही?"
ओरडली असती तर बरं झालं असतं. फडकं धुवायला म्हणून गेली आणि नळ सोडून रडत बसली. "झटका आला त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी सांगत होतात आणि मला एक शब्द कळत नव्हता. परत तसं नको हो."
हिच्याशिवाय मला आहे तरी कोण.

३१ मार्च
दोघं डॉक्टरीणबाईंकडे. गोळी थुंकत होतो हे कबूल केलं. त्या चिडल्या नाहीत. "बोट कापलं तर दाबून धरता येतं. डोक्यात गुठळी अडकली तर काय दाबणार, काका?" गोळी तीच. मनाला येईल तेव्हा बंद करायची नाही. काही अडलं तर आधी त्यांना विचारायचं. मान डोलावली.

२ एप्रिल
गोळी घेतली. गिळली. हिनं तोंड उघडून दाखवायला लावलं.

५ एप्रिल
आज हिला सांगून टाकलं. दोष गोळीचा नव्हताच. झटका आल्यापासून माझा डावा हात थरथरतो. काचेवर दाबून धरलेली पट्टी सरकते, म्हणून बोट कापतं. इथंसुद्धा लिहायची हिंमत झाली नव्हती.
ही म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. म्हटलं, कधी सांगताय बघू. सरका जरा."
हिनं पट्टी धरली. मी काच कापायची हिरकणी ओढली. काच सरळ तुटली.