चषकावरचं नववं नाव

मी, मथुरा फत्तेसिंग जगताप, वय एकाहत्तर, राहणार बसवनगुडी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गुडघे गेलेत, पण डोकं जागेवर आहे आणि सहीला गुडघे लागत नाहीत. यापूर्वी लिहिलेलं सगळं रद्द.

१. राहतं घर माझा मुलगा सुशांत यास. माझे दिवस होताच तो ते विकून कोरमंगलात फ्लॅट घेणार, हे मला ठाऊक आहे. घे बाबा.

२. माझा कॅचरचा ग्लोव्ह सून मुग्धा हिस. सासूबाईंनी तो आयुधपूजेत कधी मांडू दिला नाही, चामडं म्हणून. मिक्सरला मात्र झेंडूची माळ! मुग्धाने तो हळदकुंकू लावून मांडावा.

३. महिला सॉफ्टबॉल चषक, १९७९. सुशांत त्यात कंगवे ठेवतो आणि "क्रिकेटचाच ना गं?" विचारतो. त्याला काय बोलू? मला माझीच शिसारी येते.

चषकावर नऊ नावं आहेत. कोरायची यादी कॅप्टनने स्वहस्ते लिहून द्यायची, अशी पद्धत. कॅप्टन मी. अंतिम सामना जिंकून दिला तो आमच्या पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्या गंगव्वाने. सातही डाव तिने एकटीने टाकले. क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "झाडूवालीची पोर कशाला? तिथे माझ्या मेहुणीचं लिही, तुझ्या नोकरीचं मी बघतो." मेहुणीने बॉलला हात लावला नव्हता. मी निमूट लिहिलं. सर्टिफिकेटंही त्याच यादीवरून निघाली. मला खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली. गंगव्वाने पीण्या औद्योगिक वसाहतीत बत्तीस वर्षं खोक्यांत नट-बोल्ट भरले. थू माझ्या जिण्यावर! सुशांत, कलम १ मधलं घर त्याच नोकरीचं आहे, नीट वाच.

हा चषक गंगव्वाच्या नावे करायचं ठरवून मी गेल्या मंगळवारी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "बेडा, अक्का. तुझं भांडं मला नको. काय केलंस ते लिही, मी साक्षीला येते."

माझ्यासोबत आलेल्या वकील सुखदाने तिला बजावलं, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.

"सरी, ठीक," गंगव्वा म्हणाली, "मग साक्षीदारच."

सबब चषक मोडीत घालावा. देवळाला, शाळेला वा त्या क्लबला देऊ नये.

ठिकाण: बसवनगुडी, बेंगळुरू
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
सही: मथुरा जगताप

वरील सही आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार १: सुखदा दामोदर काळे. व्यवसाय: वकिली.
साक्षीदार २: गंगव्वा, वय एकोणसत्तर. व्यवसाय: पिचर.