तुझ्या चित्रपटातला भाऊ

प्रिय बडबडे,

तुझा चित्रपट पाहिला. वीसेक वर्षांनी लिहितेय आणि सुरुवातच तक्रारीने, पण तोंडदेखलं कौतुक मला तेव्हाही जमत नव्हतं. दोघी मुली छान निवडल्यास. आमच्या बेकरीत बसून एकमेकींच्या केसांतलं पीठ झटकतात, ते बघताना माझा हात आपोआप केसांकडे गेला. तुझी अखंड बडबड, माझं नुसतं हं हं, सगळं हुबेहूब.

पण मारहाण तू खोटी दाखवलीस. भावाचा उचललेला हात थरथरतो, पीठ संथपणे हवेत उडतं, मागे व्हायोलिन. दादाचा हात थरथरत नव्हता, बाई. कणीक मळताना चालायचा तसाच चालत होता. त्याने केस धरून तुझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. मी त्याच्या पायाला मिठी मारली म्हणून तू मागच्या खिडकीतून निसटलीस. मग त्याने माझा हात भट्टीच्या दारात धरला आणि दार लाथेने लोटलं. दोन बोटं गेली. रक्त सांडलेलं पीठ उडत नाही, त्याचा चिकट गोळा होतो. तो आईने चकार शब्द न काढता खरवडला. तुझ्या चित्रपटात आई मध्ये पडते, आणि शेवटी भाऊ रडत माफी मागतो. ते कुठून आणलंस?

आई जाताना बेकरी आम्हा दोघांच्या नावे करून गेली, म्हणून अजून एका छपराखाली आहोत. चित्रपटालाही वहिनी सगळ्यांना घेऊन गेली. तो शेवट बघून दादा माझ्या शेजारी ढसाढसा रडला. बाहेर आल्यावर नाक पुसत म्हणाला, असा भाऊ वैऱ्यालाही नको. त्याने स्वतःला ओळखलंच नाही. ओळखावं असं तू त्यात काही ठेवलंच नव्हतंस.

त्याच्या लेकीने मात्र ते अश्रू पाहिले. अठरा वर्षांची भाबडी पोर. दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी जाऊन तिने बापाला सांगितलं की शिवणाच्या क्लासमधली तिची मैत्रीण नुसती मैत्रीण नाही. बाबा, तुम्ही काल रडलात ना, म्हणून सांगते, असं म्हणाली. ब्रेड आत सरकवायचं लांब फावडं त्याच्या हातातच होतं. पहिला घाव भुवईवर, दुसरा बरगडीवर. तिसरा बसला नाही, कारण तोवर मी निखारे ढोसायची सळई उचलली होती. ती त्याच्या कोपरावर हाणली. तो खाली बसला, तेव्हा पुन्हा तिथेच हाणली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. वहिनी दारात उभी होती. ती आत गेली आणि लेकीची बॅग भरून घेऊन आली.

दादा इस्पितळात आहे. पोलिसांना मी केलं ते केलं म्हणून सांगितलं, त्यामुळे मला इथून हलता येणार नाही. तेव्हा हे पत्र आणि ते तुझ्या हाती देणारी मुलगी, दोन्ही तुझ्या दारी पाठवतेय. तिला घरात घे. भुवईचे टाके आठवड्याने काढायचेत. हसलं की बरगडी दुखते, म्हणून थोडे दिवस तुझे विनोद आवर. मैत्रिणीला तिकडे बोलावायचं म्हणाली तर बोलाव. कधीतरी ती तुझ्या चित्रपटाचा विषय काढेल, तिला तो फार आवडला होता. तेव्हा तिला खरं काय झालं ते सांग.

तुझीच,
भट्टीवाली