मुरब्याच्या वाऱ्यावर सहा टुटू

४ जानेवारी, शनिवार

मास्तर गेला! न सांगता-सवरता. सुरतेला कुणी बोलावलं म्हणे. बावीस वर्षं कटिंगच्या टेबलाला चिकटून होता, आणि आज टेबलावर नुसता खडू नि चहाचा डाग.

दुपारी हेमाली मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. शेड त्यांची, नाटकाचे नि नाचाचे कपडे शिवायची. मला वाटलं, आता काय चुकलं! तर म्हणाल्या, "मोनाली, मुंबईच्या डान्स ग्रुपचे बारा टुटू आलेत. एकोणतीसला त्यांचा प्रयोग. तू काप. पास झाले तर टेबल तुझं."

टेबल माझं! अकरा वर्षं मशीनवर बसले. मास्तरनं कात्रीला हात लावू दिला नाही. "बाईमाणसाचा हात हलतो" म्हणे. सकाळचा चहा नसला की मेल्याचाच हलायचा. आमच्या अख्ख्या लाईनीत एक बाई मास्तर नाही. मी होणार. होणारच.

धर्मेश, मास्तरचा भाचा, दाराशी उभा राहून ऐकत होता. टेबल आपल्यालाच मिळणार असं तो धरून चालला होता. चेहरा पडला त्याचा. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

५ जानेवारी, रविवार

ग्रुपच्या बाईंनी फोटोंची नि माहितीची फाइल पाठवलीय. घरी आणून सगळी वाचली. टुटू म्हणजे बॅलेवाल्या पोरींचा जाळीचा झगा, एवढंच मला ठाऊक होतं. यांना हवेत ते शंभर वर्षांपूर्वीचे. पहिलं महायुद्ध संपलं नि दुसरं लागलं, त्या मधल्या वीस वर्षांतले.

काय वर्षं असतील ती! नावाजलेले चित्रकार नाचाचे पडदे रंगवायचे नि कपडेही काढून द्यायचे. एका नाचात पोरी चक्क विणलेल्या पोहायच्या कपड्यांत. पण टुटू काही गेला नाही. आधी जवळजवळ गुडघ्यापर्यंत, मऊ, खाली झुकलेला. मग वर वर चढत मांडीपर्यंत. आणि मग पार्ट्यांना जाणाऱ्या श्रीमंत बायका तसल्याच जाळीचे लांब झगे घालायला लागल्या — नाचणारणींचं बघून!

सहा गुडघ्याचे, सहा मांडीचे करायचेत. नायलॉन चालणार नाही, कारण तेव्हा नायलॉनची जाळी नव्हतीच. सुती पाहिजे — विरळ विणीचं, खळ देऊन ताठ केलेलं.

आमच्या गावी, मुरब्याला तरी वेगळं काय? आजाच्या वेळी मासेमारीची जाळी सुताचीच होती. नायलॉन मागाहून आलं.

७ जानेवारी, मंगळवार

धर्मेश मोबाइल नाचवत आला. "हा बघ टुटू. ताटासारखा आडवा. आत तार घालावी लागेल."

फाइल त्याच्यापुढे आपटली. तार नंतरची, म्हटलं. यांना पाहिजेत त्यांत तारबीर काही नाही, झगा आपसूक झुकायचा.

"तुझे लोंबते टुटू बघून लोक हसतील."

हसू देत! मॅडम बाहेर आल्या नि म्हणाल्या, मोनाली सांगते तसं. संपला विषय.

कापले. पहिली कात्री चालवली तेव्हा हात खरंच हलला. कुणी पाहिलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मेले मी!

मांडीचे सहा आखूड, म्हणून झकास उभे राहिलेत. गुडघ्याचे सहा शिवून टांगले, तर ओल्या फडक्यासारखे लटकले. कापडाला खळ नावालाच होती. झुकलेला वेगळा नि मेलेला वेगळा! पुन्हा तांदळाची खळ द्यायला हवी. देईन हो, पण वाळवू कुठे? एक तुकडा शेडच्या मागे टांगून बघितला. तासाभरात काळे ठिपके, कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी. आत टांगला तर आंबूस झाला. माझी खोली म्हणजे काड्यापेटी, तिथे मीच जेमतेम मावते.

ग्रुपच्या बाई सोळाला ट्रायलला येणार. आणि धर्मेश सारखा येऊन विचारतोय, "काय मास्तरीणबाई, उभे राहिले का?"

शिवलेलं काम शेडबाहेर न्यायचं नाही, हा मॅडमचा पहिला नियम. पण उद्या शुक्रवार, सुट्टी. किल्ली सध्या माझ्याकडे आहे.

मुरब्याला काजळी नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

नेले! दोन गाठोडी करून, चादरीत बांधून. रिक्षावाला म्हणाला, लग्नाचं सामान का? हो म्हटलं.

रात्रीच फोन केला होता, म्हणून आयनं खळीची पेज रटरटत ठेवलीच होती. "सुती हाय ना? मंग वाऱ्यालाच टाक. कोंडून ठेवलंस तर कुजल. तुजा आजा रोजच्या रोज जाळी वाळवायचा." घरापुढे आमची वलांडी आहे, बोंबील वाळत घालायची, बांबू नि दोऱ्यांची. आयनं खास माझ्यासाठी ती मोकळी केली. दोन पाण्यांनी धुतली. दोऱ्यांवर जुनं लुगडं गुंडाळलं. आणि ओळीनं सहा टुटू! शेजारच्या वलांडीवर बोंबील, इकडे बॅले. आय हसून हसून बेजार. "गो मोने, ह्ये घालून बाया नाचतात? बसतात कशा?"

समुद्राचा वारा सुटला नि दुपारपर्यंत पापडासारखे कडकडीत. हवे तसेच, टोकाला जरासे झुकलेले. मला रडूच आलं.

संध्याकाळी शेडमध्ये परत टांगले. कुणाला पत्ता नाही.

११ जानेवारी, शनिवार

मॅडमनी बोट लावून बघितलं. "वा, मोनाली!" धर्मेश लांबून बघत होता, जवळ आला नाही.

इस्त्रीला तेजलला दिले. पाम गावची पोर, बावीसची, माझ्या मागच्या मशीनवर असते. हात फार चांगला आहे तिचा. वाफेची इस्त्री फिरवता फिरवता मध्येच थांबली. "ताई, काल मुरब्याला गेलेल्या का?" म्हटलं, हो, आयला बघायला. बरं म्हणाली नि कामाला लागली.

१३ जानेवारी, सोमवार

खडूनं टेबलाच्या कडेला माझं नाव लिहून बघितलं. लगेच पुसलं.

१६ जानेवारी, गुरुवार

लिहायचा धीर होत नाही. तरी लिहिते.

जेवणाच्या सुट्टीनंतर ट्रायल. तेजलनं पिशव्यांतून टुटू काढून मांडले. मांडीचे सहा झाले, बाई खूश. मग एका पोरीनं गुडघ्याचा चढवला, एक गिरकी घेतली आणि नाक दाबून थांबली. "मॅम, हा... माशांचा वास आहे का?"

बाईंनी हुंगला. दुसरा हुंगला. सहाही. तोंड वाकडं करून म्हणाल्या, "स्टेजवरच्या गरमीत हे घालून नाचणार कसं कुणी?"

मला आला नव्हता तो वास! आयची शप्पत, नव्हता आला. आयलाही नाही. आमचा जन्म गेला त्या वासात, आम्हाला तो कुठून कळणार? वलांडी धुतली म्हणजे स्वच्छ झाली असंच आम्ही धरलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

मॅडमनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "कुणाचा उद्योग हा? आत्ता सांगा."

मी बोलणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागून तेजल म्हणाली, "मॅडम, माझा डबा. बोंबलाची चटणी होती आज. हात नीट न धुताच मांडले मी."

मी तोंड मिटलं.

मॅडम बाईंसमोर तिला काय काय बोलल्या! शेवटी, "पिशवी घे नि नीघ. परत येऊ नकोस." तेजलनं पिशवी घेतली. माझ्याकडे बघितलंही नाही.

बाईंनी पंचवीसपर्यंत मुदत दिली. शेवटची.

१७ जानेवारी, शुक्रवार

तिच्या डब्यात नेमके कालच बोंबील निघावेत! देवच पावला म्हणायचा. असं लिहितेय नि माझीच मला किळस येतेय.

१८ जानेवारी, शनिवार

सहाही चार पाण्यांतून काढले, लिंबू घालून. उसवले, पुन्हा खळ दिली. वाळवायचं कसं, तर धर्मेशनंच सुचवलं. प्लास्टिकचा तंबू केला, दोन मोठे पंखे लावले, खाली चुना ठेवला, ओल ओढून घ्यायला. हे मला आधी का नाही सुचलं? त्याला विचारायचं नव्हतं, म्हणून!

पंखा फिरवता फिरवता म्हणाला, "एका डब्याचा वास सहा टुटूंना लागतो? तोही आतल्या थरापर्यंत?"

म्हटलं, जाळीच ती, धरते वास.

"असेल," म्हणाला. पण बघत राहिला.

२१ जानेवारी, मंगळवार

वाळले. चौघींना हुंगायला लावलं, त्यातली एक शाकाहारी. काही नाही म्हणाल्या. मी सारखी आपलेच हात हुंगतेय.

तेजलचं मशीन रिकामं आहे. तिला फोन करायला हवा. काय बोलू पण? सांगितलं तर टेबल गेलं, नोकरीही गेली. पंचवीस होऊन जाऊ दे, मग करते.

२३ जानेवारी, गुरुवार

धर्मेश मॅडमच्या केबिनमध्ये अर्धा तास होता. दार लावून. मी दोनदा उगाच दारापुढून गेले.

बाहेर आला तर म्हणे गावी जायची रजा मागत होता.

२५ जानेवारी, शनिवार

पास!! बाराच्या बारा!

पोरी एकदम फिरल्या तेव्हा सहा झगे हळूच उठले नि हळूच बसले. फोटोत होतं तसंच. बाई म्हणाल्या, मुंबईत इतक्या जणांना विचारलं, सगळ्यांनी ताटंच करून दिली. हे कुणी कापलं? मॅडमनी मला पुढे ढकललं.

२७ जानेवारी, सोमवार

आज टेबल मिळालं. नवी कात्री, जड. मॅडमनी पेढे वाटले. धर्मेशनं हात मिळवला, मनापासून. मग म्हणाला, "एक माणूस घ्यावं लागेल. तेजलसारखा हात दुसरा नाही मिळायचा हां."

आयला फोन केला. "माजी पोर मास्तर झाली!" म्हणून वाडीभर ओरडली असेल. मी रडले, तिला वाटलं आनंदानं.

३० जानेवारी, गुरुवार

कालचा प्रयोग चांगला झाला म्हणे. मला पास पाठवला होता. गेले नाही.

उद्या सुट्टी. पामला जाते. आता नाही गेले तर कधीच जाणार नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

तेजलची आई ओट्यावर होती. मी म्हटलं, त्या दिवशीच्या चटणीवरून तिला फार बोलणी बसली. ती म्हणाली, "कसली चटनी? गुरवार व्हता तो. आमच्याकडं गुरवारी मासळी शिवत पन नाय कोनी. बटाट्याची भाजी दिलेली मी."

तेजल आतून आली. म्हणाली, वाफेच्या इस्त्रीनं वास उठला तेव्हाच कळलं होतं तिला. मग का गं, म्हटलं. खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, तुमी टेबलावर बसाल तर मला कापायला शिकवाल. पन तुमचा फोनच आला नाय."