चार घड्यांची चिठ्ठी

गुरुवार, संध्याकाळ

सलग चौथी फुटबॉल मॅच हरलो. नव्या कोचनी चिठ्ठ्या वाटल्या. टीममधून कोणाला काढायचं, त्याचं नाव लिहा म्हणे. मी विकासचं लिहिलं. का? तो हातोद गावाहून पहिल्या बसने येतो, माझ्याआधी मैदानावर असतो. पण आम्ही दोघंही लेफ्ट बॅक, आणि तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो. बस, हेच कारण. चिठ्ठीला चार घड्या घातल्या, अक्षर दिसू नये म्हणून.

त्याच्या नावाच्या दोन निघाल्या. बाकी कोणाच्या दोन नव्हत्या. विकास बाहेर.

बसपर्यंत सोडायला गेलो, तर त्याने आपले नडगीवर बांधायचे शिनगार्ड माझ्या हातात ठेवले. "रख ले भिया, तुझे तुटलेत ना. मी तर यार, चिठ्ठी कोरीच टाकली. आपल्यातल्या कोणाचं नाव लिहिणार?"

चार घड्या घातल्या होत्या मी.