कोणाच्या बदल्यात

आदरणीय माकुर सर,

माझा पहिलाच निकाल तुम्ही राजधानी जुबातल्या प्रशिक्षणात नव्या न्यायाधीशांना वाचून दाखवलात आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, असं कळलं. निकालानंतर काय झालं ते लिहायला बसले आहे, पण हे पत्र पाठवायची माझी छाती होणार नाही.

मुलगा खून करून पळाला, म्हणून पोलिसांनी त्याच्या म्हाताऱ्या आईला, न्यानकीरला, कोठडीत डांबलं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. तुम्ही शिकवलंत तसं मी ठणकावून लिहिलं, "एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला कोंडता येणार नाही. हिला आजच सोडा." शिपायाने मुकाट्याने फाटक उघडलं. समोर चिंचेखाली मेलेल्याचे भाऊ मांडीवर बंदुका घेऊन बसले होते.

न्यानकीर फाटकातच थबकली. "पोरी, तुझा निकाल मला पटला गं. आता त्यांना पटवून ये, मग मी निघते."

माझ्या हाताखाली तो एकच शिपाई, आणि तोही त्या भावांच्याच कुळातला. मी चिंचेपर्यंत गेलेच नाही. फाटक लावून घ्यायला मीच सांगितलं.

न्यानकीर अजून कोठडीतच झोपते. कागदावर ती सुटली, म्हणून तिचा शिधा बंद झालाय. माझ्यातली किस्राची भाकरी मी तिला देते. जिवाच्या भीतीने मीही याच आवारातल्या खोलीत राहते.

काल जेवताना तिने विचारलं, "तुलाही फाटकाबाहेर जाता येत नाही. तुला कोणाच्या बदल्यात ठेवलंय गं?"



तुमची विद्यार्थिनी,
न्यायाधीश आडुत